छातीतला कफ, फुफ्फुसातले पाणी आणि चिनी वनौषधी: पुरावा नेमका काय सांगतो?

चीनमध्ये पारंपरिक औषधांच्या बऱ्याच खोक्यांवर वर्षानुवर्षे एक छोटे वाक्य छापलेले असे. 'दुष्परिणाम' या मथळ्याखाली लिहिलेले असे, 'अद्याप स्पष्ट नाही'. 'कोणी घेऊ नये' याखालीही तेच आणि 'सावधगिरी' याखालीही तेच.

चीनच्या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये पारंपरिक औषधांच्या नोंदणीसाठी नवे नियम जाहीर केले आणि ते १ जुलै २०२३ पासून लागू झाले. त्यातल्या एका कलमाने या वाक्याला तीन वर्षांची मुदत दिली. म्हणजे १ जुलै २०२६ नंतर एखादे औषध फेरनोंदणीसाठी आले आणि त्याच्या माहितीपत्रकात या तीनपैकी एकाही ठिकाणी 'अद्याप स्पष्ट नाही' असे असेल, तर फेरनोंदणी मिळणार नाही.

ही बातमी तुमच्यासाठी महत्त्वाची का आहे? कारण नैसर्गिक औषधाला दुष्परिणाम नसतातच, असे मानणारे रुग्ण मला ओपीडीत रोज भेटतात. ज्या देशात ही औषधे दोन हजार वर्षे वापरात आहेत, त्याच देशाचे सरकार आता उत्पादकांना सांगते आहे की दुष्परिणाम शोधा आणि लिहा. 'लिहिलेले नाही' आणि 'नाहीत' यात फरक आहे, हे चीनने मान्य केले आहे.

या लेखात आपण छाती भरणे, कफ आणि दम यांवरच्या चिनी औषधांचा विचार करू. कशाला चांगला पुरावा आहे, कशाला नाही आणि धोका कोणाला आहे, हे क्रमाने पाहू.

'छाती भरली' म्हणजे काय?

आधी हा प्रश्न सोडवणे गरजेचे आहे. रुग्ण 'छाती भरली आहे' असे म्हणतो, तेव्हा त्यामागे दोन अगदी वेगळे आजार असू शकतात.

पहिला प्रकार श्वासनलिकांमधल्या कफाचा. सर्दी, फ्लू, ब्राँकायटिस, न्यूमोनिया, दमा किंवा सीओपीडी यांमध्ये नलिकांना सूज येते आणि चिकट स्राव साठतो. खोकला येतो, घरघर होते आणि कफ पडतो.

दुसरा प्रकार फुफ्फुसात पाणी साठण्याचा. हृदयाचा पंप कमजोर झाला की रक्त पुढे नीट ढकलले जात नाही. मागे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत येते. याला आपण हार्ट फेल्युअर म्हणतो. यातही खोकला येतो, घरघर होते आणि दम लागतो. पण आडवे झाल्यावर दम वाढतो, रात्री गुदमरून जाग येते, पायांवर सूज येते आणि वजन दोन-तीन दिवसांत वाढते.

पहिल्या प्रकारचे औषध दुसऱ्या प्रकारात चालत नाही. काही वेळा तेच औषध जिवावर बेतू शकते. ते कसे, हे पुढे येईलच.

त्या गोळीत किंवा काढ्यात असते काय?

चिनी पद्धतीत सहसा एकच वनस्पती देत नाहीत, अनेक एकत्र देतात. छातीच्या आजारांवरचा एक जुना काढा म्हणजे 'माशिंग शिगान'. इसवी सन २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग या वैद्याच्या ग्रंथात तो आला. त्यात चारच घटक आहेत: माहुआंग, कडू जर्दाळूच्या बिया, जिप्सम आणि ज्येष्ठमध.

ज्येष्ठमध आपल्या घरातलाच आहे. माहुआंग म्हणजे इफेड्रा. त्यातला इफेड्रिन हा घटक १८८५ मध्ये जपानमध्ये नागाई नागायोशी यांनी वेगळा केला. १९२० च्या दशकात पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यावर संशोधन झाले आणि इफेड्रिन जगभर दम्याचे औषध म्हणून वापरात आले. ते श्वासनलिका खरोखरच रुंदावते, त्यामुळे हा काढा घेऊन मोकळे वाटले असे कोणी सांगितले तर त्यात काही खोटे नाही.

पण इफेड्रिन तेवढेच करून थांबत नाही. ते हृदयाचे ठोके वाढवते, रक्तदाब वाढवते आणि झोप उडवते. म्हणूनच दम्यासाठी पुढे अधिक नेमकी आणि सुरक्षित इन्हेलर आल्यावर डॉक्टरांनी ते मागे टाकले. अमेरिकेने २००४ मध्ये इफेड्रा असलेल्या पूरक आहाराच्या गोळ्यांवर बंदी घातली, कारण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांच्या तक्रारी आल्या होत्या.

कोविडच्या काळात गाजलेल्या 'लिएनहुआ छिंगवेन' या कॅप्सूलमध्ये तेरा घटक आहेत. त्यात माशिंग शिगानचे चारही घटक येतात. शिवाय हनीसकल, फोर्सिथिया, रेवंदचिनी, मेंथॉल वगैरे. रेवंदचिनी रेचक असल्यामुळे ही कॅप्सूल घेणाऱ्या काहींना जुलाब होतात.

फ्लू आणि कोविड: ताप लवकर उतरतो का?

२००९ मध्ये एच१एन१ फ्लूची साथ आली, तेव्हा चीनमध्ये ४१० रुग्णांवर एक चाचणी झाली. ती २०११ मध्ये एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रुग्णांचे चार गट केले होते. काहीही विशेष औषध न दिलेल्या गटात ताप उतरायला साधारण २६ तास लागले. ओसेल्टामिव्हिर दिलेल्यांत २० तास. माशिंग शिगान आणि यिंछियाओ हे दोन काढे एकत्र करून दिलेल्यांत १६ तास. काढा आणि ओसेल्टामिव्हिर दोन्ही दिलेल्यांत १५ तास.

आकडे चांगले आहेत. पण हे रुग्ण तरुण किंवा मध्यमवयीन होते, आजार सौम्य होता, आणि कोणाला काय दिले जात आहे हे रुग्णाला व डॉक्टरला माहीत होते. काढ्याची चव लपत नाही! आपल्याला औषध मिळाले आहे हे कळले की माणसाला बरे वाटू लागते. म्हणून अशा चाचणीवर विसंबताना थोडा हात राखावा लागतो.

लिएनहुआ छिंगवेनची गोष्ट अशीच. २०२१ मध्ये छापलेल्या कोविडवरील चाचणीत २८४ रुग्ण होते. लक्षणे जायला कॅप्सूल घेणाऱ्यांना ७ दिवस लागले, न घेणाऱ्यांना १० दिवस. मात्र तुलनेसाठी दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो, दिलेली नव्हती. टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले. दरम्यान चीनने एप्रिल २०२० मध्येच कोविडसाठी हे औषध मान्य केले होते. २०२२ च्या टाळेबंदीत शांघायमध्ये ते घरोघर वाटले गेले आणि त्यावर चीनमध्येच मोठा वाद झाला. सिंगापूरच्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाने मात्र हे उत्पादन सर्दी-फ्लूच्या लक्षणांपुरतेच मान्य आहे आणि कोविड टाळण्यासाठी वा बरा करण्यासाठी पुरावा नाही, असे स्पष्ट केले. अनेक मराठी कुटुंबे सिंगापूरला राहतात. तिथल्या दुकानात ही कॅप्सूल मिळते म्हणजे ती कोविडचे औषध ठरते, असे नाही.

२०२३ मध्ये प्लासिबोसह एक चाचणी आली. एकाहून अधिक देशांतले ८१५ रुग्ण त्यात होते. मुख्य लक्षणे कायमची कमी व्हायला कॅप्सूलच्या गटात ४ दिवस लागले, प्लासिबोच्या गटात ६.७ दिवस. हा पुरावा आधीपेक्षा नक्कीच भक्कम आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण हे सौम्य ते मध्यम आजाराचे, बहुतांश तरुण रुग्ण होते. ज्या आजीला ऑक्सिजन ९० च्या खाली गेल्यावर दवाखान्यात न्यावे लागते, तिचा जीव या कॅप्सूलने वाचतो का, याचे उत्तर या चाचणीत नाही.

साध्या ब्राँकायटिसचे काय? चिनी वनौषधींवर झालेल्या बऱ्याच चाचण्या एकत्र पाहून कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये निष्कर्ष काढला की चाचण्यांचा दर्जा इतका कमी आहे की शिफारस करता येत नाही. चाचण्या खूप होत्या, पण रुग्णांची विभागणी खरोखर चिठ्ठ्या टाकून केली होती का, हेच अनेक ठिकाणी धड सांगितलेले नव्हते.

गंभीर न्यूमोनिया: रुग्णालयातले इंजेक्शन

'श्वेबिजिंग' हे पाच वनस्पतींपासून बनवलेले इंजेक्शन चीनमध्ये २००४ पासून वापरात आहे. करडईचे फूल आणि दानशेन ही त्यातली दोन नावे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर न्यूमोनियाचे ७१० रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांसोबत हे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी २८ दिवसांत १५.९ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी २४.६ टक्के. २०२३ मध्ये सेप्सिसच्या १८१७ रुग्णांवर, प्लासिबोसह, चीनमधल्या ४५ अतिदक्षता विभागांत चाचणी झाली. तिथे मृत्यूचे प्रमाण १८.८ टक्के विरुद्ध २६.१ टक्के होते. शंभरामागे सात जीव, हा आकडा लहान नाही.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, या सगळ्या रुग्णांना प्रतिजैविके, ऑक्सिजन आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर मिळतच होते. इंजेक्शन त्यांच्या जोडीला होते, त्यांच्याऐवजी नव्हते. दोन, या चाचण्या चीनमध्येच झाल्या. दुसऱ्या देशांतल्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तीच चाचणी करून तोच निकाल आला, तर विश्वास बसेल. तोवर हे औषध आशादायक आहे, सिद्ध नाही. आणि शिरेतून द्यायचे औषध घरी मागवून घेण्याचा तर प्रश्नच येत नाही.

हृदयामुळे पाणी साठले असेल तर?

या विषयातला सगळ्यात चांगला पुरावा याच ठिकाणी आहे. 'छिली छियांगशिन' ही अकरा घटकांची कॅप्सूल. ती बनवते लिएनहुआ छिंगवेन बनवणारीच कंपनी. हृदयाचा पंप कमजोर झालेल्या ३११० रुग्णांवर, चीनमधल्या व हाँगकाँगमधल्या १३३ रुग्णालयांत, प्लासिबोसह चाचणी झाली आणि ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे दीड वर्षात हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावल्यामुळे भरती होणे, असे कॅप्सूलच्या गटात २५ टक्क्यांच्या बाबतीत घडले आणि प्लासिबोच्या गटात ३० टक्क्यांच्या. म्हणजे वीस जणांनी औषध घेतले तर एकाचा असा प्रसंग टळला.

पण याही रुग्णांची नेहमीची औषधे चालूच होती. हार्ट फेल्युअरच्या ज्या गोळ्या तुम्हाला दिल्या आहेत, त्यांच्या वर ही कॅप्सूल दिली होती. त्या बंद करून नव्हे. भारतातल्या उपचारांत या कॅप्सूलचा समावेश नाही. ती स्वतःहून मागवू नका. तिच्यात बचनागाच्या कुळातली, प्रक्रिया केलेली मुळी आहे. प्रक्रिया नीट झाली नाही तर ती हृदयाची लय बिघडवू शकते.

माझ्या ओपीडीतला एक अनुभव

साठी ओलांडलेले एक गृहस्थ, हार्ट फेल्युअरचे जुने रुग्ण. मुलाच्या मित्राने परदेशातून कफाच्या चिनी कॅप्सूल आणून दिल्या. खोकला होता, म्हणून त्यांनी तीन आठवडे घेतल्या. खोकला औषधाने कमी होतोय असे वाटून त्यांनी लघवीची गोळीही 'थोडे दिवस' बंद ठेवली. माझ्याकडे आले तेव्हा वजन चार किलोंनी वाढले होते, पाय दाबले की खड्डा पडत होता आणि रक्तदाब १७०/१०० होता. रात्री उशा लावून बसून झोपत होते.

पाकिटाचा फोटो भाषांतर करून पाहिला. पहिल्या पाच नावांत माहुआंग होते आणि शेवटी ज्येष्ठमध. पहिल्याने ठोके आणि दाब वाढवला. दुसऱ्याने शरीरात मीठ-पाणी धरून ठेवले आणि पोटॅशियम उतरवले. लघवीची गोळी बंद होतीच. त्यांचा खोकला कफाचा नव्हता, पाण्याचा होता. चार दिवस भरती राहून ते घरी गेले.

ते हुशार, शिकलेले गृहस्थ आहेत. त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, ज्येष्ठमध तर आम्ही लहानपणापासून चघळतो!" बरोबर आहे. घसा बसला म्हणून एक तुकडा चघळणे वेगळे आणि अर्क केलेल्या कॅप्सूल दिवसातून तीनदा, तीन आठवडे घेणे वेगळे. मात्रा आणि मुदत बदलली की औषध बदलते.

धोका कोणाला जास्त?

- उच्च रक्तदाब, हृदयविकार, अनियमित ठोके, थायरॉइड वाढलेला असणे: माहुआंग असलेली औषधे टाळा. सर्दीच्या काही गोळ्यांतही त्याच गटातले औषध असते. दोन्ही एकत्र घेतल्यास दाब आणखी वाढतो.
- लघवीची गोळी किंवा डिगॉक्सिन घेणारे: ज्येष्ठमधाने पोटॅशियम कमी होते. त्यात डिगॉक्सिन चालू असेल तर हृदयाची लय बिघडू शकते.
- वॉरफेरिन घेणारे: दानशेनमुळे रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होते.
- गर्भवती, स्तनदा माता, लहान मुले: पुरावाच नसल्यामुळे नको. कडू जर्दाळूच्या बियांतून शरीरात सायनाइड तयार होते आणि लहान मुलांना थोडी मात्राही घातक ठरू शकते.
- मूत्रपिंडाचे रुग्ण: पुढचा परिच्छेद जरूर वाचा.

१९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरी वनस्पती वापरली गेली. शंभरहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्याच कुळातले 'मादौलिंग' हे फळ चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या खोकला आणि दम यांवर दिले जात होते. २०२० च्या चिनी औषधकोशातून ते वगळण्यात आले. इतका काळ ते वापरात असूनही धोका कोणाच्या लक्षात का आला नाही? कारण मूत्रपिंड खराब व्हायला वर्षे लागतात आणि खोकल्याचा काढा तोवर कोणाच्या आठवणीत राहत नाही. परंपरा लगेच दिसणारा परिणाम टिपते. उशिरा होणारे नुकसान टिपायला नोंदी आणि तपासण्याच लागतात.

आणखी एक धोका भेसळीचा. अनेक देशांच्या नियामकांना 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत न सांगता मिसळलेले स्टिरॉइड सापडले आहे. दम्याचे औषध दोन दिवसांत जादूसारखे लागू पडले, तर आनंदापेक्षा शंका आधी घ्या.

मग चिनी औषधे खोटीच का?

नाही. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध चिनी परंपरेतूनच आले. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथातल्या सूचनेवरून थू योयो यांनी १९७० च्या दशकात ते शोधले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते औषध जगाने जुन्या ग्रंथात होते म्हणून स्वीकारले नाही. त्यातला नेमका घटक काढला, मात्रा ठरवली आणि रुग्णांवर तपासले, म्हणून स्वीकारले. आपल्या आयुर्वेदिक औषधांनाही हीच कसोटी लावावी आणि माझ्या ॲलोपॅथीच्या गोळ्यांनाही. कसोटी एकच असावी.

तुम्ही काय कराल?

१. आधी निदान करून घ्या. खोकला कफाचा आहे की पाण्याचा, हे छाती तपासून, एक्स-रे, ईसीजी आणि गरज पडल्यास इको करून कळते.

२. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. वर सांगितलेल्या चांगल्या चाचण्यांत एकाही रुग्णाचे नेहमीचे औषध थांबवून वनौषधी दिलेली नव्हती.

३. कोणतेही पाकीट, चिनी असो की देशी, डॉक्टरांना दाखवा. लेबलचा फोटो काढून ठेवा. आम्ही रागावू या भीतीने लपवू नका. लपवलेले औषध जास्त त्रास देते.

४. पुरावा विचारताना तीन प्रश्न विचारा: प्लासिबोशी तुलना केली होती का? रुग्ण माझ्यासारखे होते का? लक्षणे कमी झाली की जीव वाचला?

५. साध्या सर्दी-खोकल्यात कोमट पाणी, विश्रांती आणि एक वर्षावरील मुलांना व मोठ्यांना चमचाभर मध एवढे बहुतेकदा पुरते. मधुमेह असेल तर मधाचाही हिशेब ठेवा. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नका.

लगेच रुग्णालयात जा, जर आडवे झाल्यावर दम लागत असेल, ओठ निळे पडत असतील, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येत असेल, छातीत दुखत असेल, ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल, गुंगी येत असेल, किंवा हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले असेल. अशा वेळी कोणताही काढा उकळत बसू नका. तो उकळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात बऱ्याचदा रुग्णालय गाठता येते.